जामीन मंजूर झाला, पण माणूस घरी कधी येणार?

जामीन मंजूर झाला की घरच्यांना वाटतं, सुटलो एकदाचे. वकील कोर्टाबाहेर येऊन सांगतात, "झाला जामीन." गावाकडे फोन जातो. आणि मग संध्याकाळी, कधी चार दिवसांनी, कधी महिन्यानेही कळतं की माणूस अजून आतच आहे. कारण आदेशात पुढे एक ओळ होती: पंचवीस हजारांचा जातमुचलका (आरोपीने स्वतः लिहून दिलेली हमी) आणि तेवढ्याच रकमेचा एक लायक जामीनदार. जामीनदार मिळाला नाही. मिळाला तर त्याचा सातबारा वारलेल्या वडिलांच्या नावावर निघाला. तोही सुधारला तोवर कोर्टाला सुट्टी लागली.

मराठवाड्यातला गरीब माणूस जामीन नाकारल्यामुळे जेवढा अडकतो, तेवढाच जामीन मिळाल्यानंतरच्या या कागदांमध्ये अडकतो, असं माझं ठाम मत आहे. म्हणून अटकेपासून सुटकेपर्यंतचे सगळे टप्पे पुढे सांगितले असले, तरी सगळ्यात जास्त जागा या मधल्या टप्प्याला दिली आहे.

आधी एक गैरसमज काढून टाकू. परदेशी मालिका पाहून अनेकांना वाटतं की ठरावीक पैसे भरले की माणूस सुटतो. अमेरिकेतल्या बऱ्याच राज्यांत जामिनाचा धंदा करणाऱ्या कंपन्या असतात. रकमेच्या साधारण दहा टक्के फी घेऊन त्या कोर्टाला हमी देतात आणि ती फी परत मिळत नाही. आपल्याकडे असा धंदा कायद्यात बसत नाही. इथे जामीनदार म्हणजे आरोपीला ओळखणारा माणूस. तो कोर्टाला शब्द देतो, "हा तारखेला हजर राहील, नाही राहिला तर एवढी रक्कम मी भरेन." त्या वेळी तो एक रुपयाही भरत नाही. त्याने यासाठी मोबदला घेणं किंवा त्याचं होणारं नुकसान आरोपीने भरून देण्याचा करार करणं न्यायालयं मान्य करत नाहीत. कारण उघड आहे. ज्याचं स्वतःचं काहीच पणाला लागलेलं नाही, तो आरोपीला तारखेला आणण्याची काळजी कशाला करेल?

पहिले चोवीस तास

१ जुलै २०२४ पासून जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आणि भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. कलमांचे आकडे बदलले, पण जामिनाचा मूळ सांगाडा तोच आहे. खाली नव्या सुरक्षा संहितेची कलमं दिली आहेत. वकिलांच्या तोंडी अजून जुने आकडे असतात, त्याने गोंधळून जाऊ नका.

पोलीस घरी आले की रडारड होते, आणि ती साहजिक आहे. पण घरातल्या एकाने तरी वही-पेन घेऊन चार गोष्टी लिहून घ्याव्यात: कोणतं पोलीस ठाणं, गुन्हा रजिस्टर नंबर किती, कलमं कोणती, तपास अधिकारी कोण. पुढचं प्रत्येक काम याच चार गोष्टींवर चालतं. मग विचारा, ही अटक आहे की नोटीस? सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यांत पोलिसांनी सरसकट अटक करायची नसते, गरज असेल तर कारणं लिहून करायची असते. एरवी कलम ३५(३) ची हजर राहण्याची नोटीस द्यायची. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये अर्नेश कुमार प्रकरणात हे खडसावून सांगितलं आहे. नोटीस मिळाली तर तिच्यातली तारीख पाळा आणि हजर राहिल्याचा लेखी पुरावा ठेवा. नोटीस फाडून फेकणारा माणूस स्वतःच्या हाताने अटक ओढवून घेतो. गुन्हा तीन वर्षांपेक्षा कमी शिक्षेचा असेल आणि माणूस साठीच्या पुढचा किंवा आजारी, अशक्त असेल, तर उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याची आधी परवानगी घेतल्याशिवाय त्याला अटक करता येत नाही.

अटक झालीच, तर अटकेचा मेमो तयार व्हायला हवा. त्यावर कुटुंबातल्या किंवा गावातल्या एका प्रतिष्ठित माणसाची साक्षीदार म्हणून आणि आरोपीची स्वतःची सही असते. अटकेची कारणं त्याला समजेल अशा भाषेत लेखी द्यायची, नातेवाईक किंवा मित्राला कळवायचं आणि वैद्यकीय तपासणी करायची, हे सगळं बंधनकारक आहे. मारहाण झाली असेल तर ती डॉक्टरांसमोर आणि नंतर न्यायाधीशांसमोर तोंडाने सांगायला आरोपीला बजावा. तिथे गप्प राहिलं तर पुढे सिद्ध करणं फार अवघड जातं. बाईला सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयाआधी अटक करता येत नाही. अपवादात्मक कारण असेल तर महिला अधिकाऱ्याने लेखी अहवाल देऊन न्यायदंडाधिकाऱ्यांची आधी परवानगी घ्यावी लागते.

प्रवासाचा वेळ सोडून चोवीस तासांच्या आत आरोपीला न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर उभं करावंच लागतं. "आज रविवार आहे, उद्या बघू" हे उत्तर चालत नाही; सुट्टीच्या दिवशीही रिमांडचं काम बघणारे न्यायाधीश नेमलेले असतात. एफआयआरची प्रत महाराष्ट्र पोलिसांच्या संकेतस्थळावरून काढता येते. महिला-मुलांवरील अत्याचारासारखे संवेदनशील गुन्हे तिथे टाकत नाहीत, त्यांची प्रत वकिलामार्फत मागावी.

वकील परवडत नसेल तर १५१०० या क्रमांकावर फोन करा. ही विधी सेवा प्राधिकरणाची मदतवाहिनी आहे. कोठडीत असलेल्या माणसाला मोफत वकील मिळण्यासाठी उत्पन्नाची अट नाही. हे फार कमी जणांना माहीत असतं आणि त्या पायी घरातलं किडूकमिडूक विकलं जातं. जिल्हा न्यायालयांत आता लोकअभिरक्षक कार्यालयं सुरू झाली आहेत. तिथले वकील पूर्णवेळ हेच काम करतात, आणि रिमांडच्या पहिल्या दिवसापासून उभे राहतात.

टेबल जामीन

गुन्हे दोन प्रकारचे: जामीनपात्र आणि अजामीनपात्र. बांधावरच्या भांडणात झालेली साधी मारहाण, धमकी, भरधाव गाडी चालवणं हे जामीनपात्र. जीव घेण्याचा प्रयत्न, फसवणूक करून मालमत्ता लाटणं, सासरचा छळ हे अजामीनपात्र.

जामीनपात्र गुन्ह्यात जामीन हा हक्क आहे. कलम ४७८ प्रमाणे पोलीस ठाण्यातच सुटका व्हायला हवी. यालाच आपल्याकडे टेबल जामीन म्हणतात. यात कुणावर उपकार करण्याचा प्रश्न येत नाही, आणि यासाठी कुठलीही फी नाही. पोलीस जामीनदार मागू शकतात. माणूस गरीब असेल तर नुसत्या जातमुचलक्यावर सोडण्याची तरतूद त्याच कलमात आहे. अटकेपासून आठवडाभरात जो जामीनदार देऊ शकत नाही तो गरीबच आहे असं गृहीत धरावं, असं कायदाच सांगतो.

निवडणूक, सणवार, गावातली तेढ अशा वेळी होणारी चॅप्टर केस वेगळी असते. त्यात गुन्हा सिद्ध करायचा नसतो. शांतता राखण्याचं बंधपत्र घ्यायचं असतं, तेही जास्तीत जास्त एक वर्षासाठी. ती कार्यकारी दंडाधिकाऱ्यांसमोर, तालुक्याला बहुधा तहसीलदारांसमोर, चालते. तिथेही म्हणणं मांडण्याचा आणि वकील देण्याचा हक्क आहे. "सही कर आणि जा" म्हटलं तरी कागद वाचूनच सही करा.

पीसीआर, एमसीआर आणि जामीन अर्ज

अजामीनपात्र म्हणजे जामीन मिळतच नाही असं नव्हे. तो द्यायचा की नाही हे न्यायालय ठरवतं, एवढाच अर्थ. आरोपीला हजर केल्यावर पोलीस पीसीआर मागतात, म्हणजे चौकशीसाठी पोलीस कोठडी. ती एकूण पंधरा दिवसांपेक्षा जास्त देता येत नाही. नव्या कायद्यात मात्र हे पंधरा दिवस सलगच असावेत असं नाही, गुन्ह्यानुसार पहिल्या ४० किंवा ६० दिवसांत तुकड्यातुकड्याने घेता येतात. पीसीआर संपला की एमसीआर, म्हणजे न्यायालयीन कोठडी. बहुतेक जामीन अर्ज या टप्प्यावर लागतात.

तालुक्याच्या न्यायदंडाधिकाऱ्यांकडे कलम ४८० खाली अर्ज करायचा. फाशी किंवा जन्मठेपेच्या गुन्ह्यांत त्यांचे हात बांधलेले असतात, पण आरोपी बाई, लहान मूल, आजारी किंवा अशक्त असेल तर तिथेही ते जामीन देऊ शकतात. नाकारला तर कलम ४८३ खाली सत्र न्यायालय, आणि तिथेही नाही तर मुंबई उच्च न्यायालयाचं छत्रपती संभाजीनगरचं खंडपीठ. अर्ज दाखल झाला की न्यायालय सरकारी वकील आणि तपास अधिकाऱ्यांचं लेखी म्हणणं मागवतं. कोर्टाच्या भाषेत त्याला 'से' म्हणतात. से वेळेवर आला नाही की तारीख पुढे जाते. अर्ज करून घरी बसू नका. से दाखल झाला का, हे वकिलाकडे रोज विचारत राहा.

अर्जात नुसतं "आरोपी निर्दोष आहे" लिहून भागत नाही. हा माणूस पळून जाणार नाही, हे न्यायाधीशांना पटलं पाहिजे. म्हणून जमीन, घर, शाळेत जाणारी मुलं, म्हातारे आईवडील, नोकरी किंवा दुकान, आधीचा एकही गुन्हा नसणं, या सगळ्याचे कागद जोडा. उचल घेऊन ऊसतोडीला जाणारं कुटुंब असेल तर ते लपवू नका. हंगामात कोणत्या कारखान्याच्या हद्दीत काम असतं आणि तारखेला यायची सोय कशी करणार, हे सांगून टाकलेलं बरं. नाहीतर सरकारी वकील तोच मुद्दा "राहण्याचं ठिकाण पक्कं नाही" असा उलटा मांडतात.

अॅट्रॉसिटी, पोक्सो, अमली पदार्थ, मकोका, यूएपीए यांची वाट वेगळी आहे. अॅट्रॉसिटी कायद्यात अटकपूर्व जामिनाला कलम १८ ने मनाई आहे. पीडिताला जामिनाच्या सुनावणीची सूचना मिळण्याचा आणि आपलं म्हणणं मांडण्याचा हक्क आहे, आणि तो असायलाच हवा. अशा प्रकरणात या कायद्यांचा अनुभव असलेलाच वकील धरा.

तपास लांबला तर एक हक्क आपोआप उभा राहतो. फाशी, जन्मठेप किंवा दहा वर्षं व त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात ९० दिवसांत, बाकी गुन्ह्यांत ६० दिवसांत दोषारोपपत्र आलं नाही, तर कलम १८७(३) प्रमाणे जामीन द्यावाच लागतो. दिवस मोजताना पहिल्या रिमांडचा दिवस धरतात. पण दोषारोपपत्र दाखल व्हायच्या आधी अर्ज केला तरच हा हक्क टिकतो. एकसष्टाव्या किंवा एक्क्याण्णवाव्या दिवशी सकाळी कोर्ट उघडताना अर्ज हातात हवा. दुपारपर्यंत थांबलात आणि तेवढ्यात दोषारोपपत्र आलं, तर संधी गेली.

आदेश नीट वाचून घ्या

जामीन मंजूर झाल्यावर आदेशाची प्रत मिळवा आणि वकिलाकडून ओळीओळीने समजून घ्या. जातमुचलका म्हणजे आरोपीने स्वतः दिलेलं बंधपत्र. नुसता जातमुचलका असेल तर जामीनदार लागत नाही, सही करून माणूस त्याच दिवशी सुटू शकतो. जातमुचलका आणि जामीनदार असं असेल तर दोन्ही लागतात. काही वेळा रोख रक्कम भरायची मुभा असते. त्याखेरीज अटी येतात: दर रविवारी ठाण्यात हजेरी, साक्षीदारांना न भेटणं, तालुका किंवा जिल्हा न सोडणं, पासपोर्ट जमा करणं.

रक्कम आणि जामीनदाराची अट ठरते तेव्हाच वकिलाने तोंड उघडायला हवं. "साहेब, हा सालगडी आहे, पन्नास हजारांचा जामीनदार कुठून आणेल?" हे त्याच क्षणी सांगितलं तर बहुतेक न्यायाधीश ऐकतात. नंतरही मार्ग आहे. कलम ४८४ म्हणतं की रक्कम अवाजवी नसावी आणि ती कमी करण्याचा अधिकार सत्र व उच्च न्यायालयाला आहे. १९७८ च्या मोतीराम प्रकरणात मध्य प्रदेशातल्या एका गवंड्याला दहा हजारांचा जामीनदार मागितला होता. भाऊ उभा राहिला, तर तो दुसऱ्या जिल्ह्याचा म्हणून नाकारला गेला. सर्वोच्च न्यायालयाने त्याला स्वतःच्या हजार रुपयांच्या बंधपत्रावर सोडलं. जिल्हा वेगळा म्हणून जामीनदार नाकारणं चूक आहे, हेही स्पष्ट केलं.

जामीन कोण राहणार?

खरी धावपळ इथे सुरू होते. जामीनदार म्हणून आरोपीला ओळखणारी, सज्ञान, स्वतःच्या नावावर काहीतरी असलेली व्यक्ती लागते. भाऊ, काका, मेहुणा, शेजारी, कारखान्यातला सहकारी, कुणीही चालतं. बाई जामीनदार चालत नाही, हा समज चुकीचा आहे. तिच्या नावावर जमीन किंवा घर असेल, पगार असेल, तर ती जामीन राहू शकते.

कागद असे गोळा करा: जामीनदाराचं आधार कार्ड, शक्यतो पॅन आणि रेशनकार्ड, पासपोर्ट आकाराचे फोटो, आणि ऐपत दाखवायला सातबारा व आठ-अ, किंवा गावातल्या घराचा ग्रामपंचायतीचा नमुना आठ व घरपट्टीची पावती, शहरात असेल तर मालमत्ता पत्रक किंवा कर पावती, नोकरदार असेल तर पगारपत्रक आणि ओळखपत्र. सगळ्याच्या मूळ प्रती दाखवायला आणि झेरॉक्स जोडायला. काही न्यायालयं तहसील कार्यालयाचा ऐपतीचा दाखलाही मागतात. तो सेवा केंद्रातून अर्ज करून मिळतो, पण वेळ लागतो. म्हणून न्यायालयाला तो हवा आहे की नाही, हे आधी बेंच क्लार्ककडे विचारून घ्या. डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा महाभूमीच्या संकेतस्थळावरून १५ रुपयांत मिळतो आणि तो कायदेशीर चालतो. तलाठी भेटत नाहीत म्हणून थांबायची गरज नाही.

आता मराठवाड्यातल्या सातबाऱ्यांच्या तीन अडचणी. पहिली, वारस नोंदीची. वडील वारून वर्षं झाली तरी फेरफार झालेला नसतो आणि जमीन कसणाऱ्याचं नावच उताऱ्यावर नसतं. असा उतारा न्यायालय मानणार नाही. जामिनाच्या घाईत वारस नोंद लावणं जमत नाही, म्हणून ज्याचं नाव आधीच चढलेलं आहे असा दुसरा नातेवाईक शोधा. दुसरी, सामाईक खात्याची. पाच भावांच्या नावे चार एकर असेल तर न्यायाधीश तुमचा हिस्सा विचारतात. आठ-अ सोबत असेल आणि शपथपत्रात हिस्सा नीट लिहिला असेल तर सहसा अडत नाही. तिसरी, भोगवटादार वर्ग-२ ची. निजामकाळातल्या इनामी, मदतमाश, खिदमतमाश, देवस्थानच्या जमिनी आपल्याकडे भरपूर आहेत. त्या परवानगीशिवाय विकता येत नाहीत, मग उद्या वसुली कशातून करायची, हा प्रश्न न्यायाधीशांना पडणारच. दुसरा पर्याय असेल तर वर्ग-१ चा उतारा आणा. पीककर्जाचा बोजा असला म्हणून जामीनदार आपोआप बाद होत नाही, पण जमिनीची किंमत बोजापेक्षा बरीच जास्त आहे हे दाखवायची तयारी ठेवा.

कागद घेऊन जामीनदाराने स्वतः न्यायालयात यायचं असतं. तिथे बंधपत्र भरलं जातं आणि कलम ४८६ प्रमाणे शपथपत्रावर सांगावं लागतं की आपण आणखी किती जणांना जामीन आहोत. खरं तेच लिहा. आधी एखाद्याला जामीन असणं हा गुन्हा नाही. लपवणं महागात पडतं. न्यायाधीश थेट प्रश्न विचारतात: आरोपी तुमचा कोण? गुन्हा कसला आहे? तो हजर राहिला नाही तर काय होईल ठाऊक आहे का? ज्या जामीनदाराला आरोपीचं पूर्ण नावही सांगता येत नाही, त्याला परत पाठवलं जातं. घरून निघताना त्याला सगळं समजावून सांगा.

केज किंवा शिरूर कासारचा माणूस सांगलीत किंवा बेळगावात ऊस तोडताना पकडला गेला, तर जामीनदार गावाकडे आणि कोर्ट तिकडे. वर सांगितलेला मोतीरामचा निकाल अशा वेळी वकिलाच्या हाती द्या. गावाकडचे कागद पडताळायचे असतील तर न्यायालय त्या भागातल्या पोलिसांकडून किंवा महसूल कार्यालयाकडून पडताळणी मागवू शकतं. तोवर रोख रकमेवर तात्पुरतं सोडावं, अशी विनंती करा. एकाच माणसावर अनेक गुन्हे असतील आणि प्रत्येकात वेगळा जामीनदार मागत असतील, तर सर्वोच्च न्यायालयाचा २०२४ चा गिरीश गांधी निकाल दाखवा. तेरा प्रकरणांत जामीन मिळूनही जामीनदारांअभावी तो माणूस आतच होता. तेच जामीनदार सगळ्या प्रकरणांत चालतील, असं न्यायालयाने सांगितलं.

न्यायालयाच्या आवाराबाहेरचा "जामीनदार"

जामीनदार मिळत नाही म्हटलं की आवाराबाहेर कुणीतरी भेटतंच. "पाच हजार द्या, माझा माणूस उभा करतो." कृपा करून या वाटेला जाऊ नका. असे भाडोत्री जामीनदार बहुधा बनावट सातबारा, दुसऱ्याचं आधार कार्ड किंवा खोटी घरपट्टी घेऊन उभे राहतात. पडताळणीत ते उघड झालं की जामीन धोक्यात येतो, आरोपी परत आत जातो, आणि मूळ गुन्ह्यापेक्षा मोठं झंझट मागे लागतं. खोटी व्यक्ती बनून जामीन राहणं हा न्याय संहितेच्या कलम २४२ खाली तीन वर्षांपर्यंत शिक्षेचा गुन्हा आहे. बनावट कागदाचे गुन्हे त्याहून जड आहेत. तो कागद बनावट आहे हे माहीत असून पुढे करणारे नातेवाईकही सुटत नाहीत. त्या पाच हजारांत काय येतं, ते पुढे सांगते आहे.

जामीन राहायला कुणी विचारलं तर

गावात नाही म्हणणं अवघड असतं. चुलतभावाच्या पोराला आत टाकलंय, काकू दारात बसल्या आहेत, "बाबा, तेवढी सही कर, देव तुझं भलं करील." अशा वेळी काय पत्करतो आहोत, हे माहीत असलं पाहिजे.

आरोपी तारखेला येत राहिला तर तुम्हाला काहीच भरावं लागत नाही. तो गायब झाला तर न्यायालय बंधपत्र जप्त करतं आणि कलम ४९१ खाली कारणे दाखवा नोटीस देतं. ही नोटीस कधीही दुर्लक्षू नका. हजर राहून सांगा की तुम्ही त्याला शोधायला काय काय केलं, त्याला हजर करण्यासाठी मुदत मागा. न्यायालय रक्कम अंशतः माफ करू शकतं. काहीच केलं नाही तर ती रक्कम दंडासारखी वसूल होते, जमिनीवर जप्ती येऊ शकते, आणि वसूल होतच नसेल तर जामीनदाराला सहा महिन्यांपर्यंत दिवाणी कैदही होऊ शकते. म्हणजे पंचवीस हजारांचं बंधपत्र हे पंचवीस हजारांचं खरं देणं आहे.

आरोपीचं वागणं बिघडलं, तो गाव सोडायच्या तयारीत दिसला, तर कलम ४८९ खाली जामीनदारीतून मुक्त होण्याचा अर्ज करता येतो. न्यायालय आरोपीला बोलावून नवा जामीनदार द्यायला सांगतं. असा अर्ज करणाऱ्याला गावाने गद्दार म्हणू नये. आपल्या जमिनीचं रक्षण करण्याचा त्याला पूर्ण हक्क आहे.

जामीनदारही नाही आणि पैसाही नाही

कलम ४९० प्रमाणे जामीनदाराऐवजी रोख रक्कम किंवा सरकारी वचनपत्रं भरायची परवानगी न्यायालय देऊ शकतं. दलालाला जायचे ते पैसे इथे कामी येतात, आणि प्रकरण संपल्यावर परतही मिळतात. बऱ्याचदा न्यायालय काही आठवड्यांसाठी रोख जामिनावर सोडतं आणि तेवढ्यात जामीनदार आणायला सांगतं. हा अर्ज वकिलाला आवर्जून करायला लावा. रक्कम नाझरकडे (न्यायालयाचे पैसे सांभाळणाऱ्या कर्मचाऱ्याकडे) भरली की पावती घ्या, आणि पावतीवर भरणाऱ्याचं नाव बरोबर आहे का ते तिथेच बघा.

तेवढेही पैसे नसतील तर ३१ जानेवारी २०२३ चे सर्वोच्च न्यायालयाचे निर्देश कामाला येतात. जामिनाचा आदेश त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी कारागृह अधीक्षकांमार्फत बंद्याला पाठवायचा. सात दिवसांत सुटका झाली नाही तर अधीक्षकांनी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांना कळवायचं, आणि त्यांनी त्याच्या घरची परिस्थिती पाहून मदत करायची. महिनाभरात जामीनदार दिला गेला नाही तर न्यायालय स्वतःहून अटी शिथिल करायचा विचार करू शकतं. हे आपोआप होईल म्हणून वाट बघू नका. आठव्या दिवशी प्राधिकरणाच्या कार्यालयात साधा हाताने लिहिलेला अर्ज द्या आणि पोच घ्या. गरीब बंद्यांसाठी केंद्राची मदत योजनाही २०२३ पासून आहे. सुरू झाली तेव्हा कच्च्या कैद्याला जामिनासाठी ४० हजार रुपयांपर्यंत मदतीची तरतूद होती. अमली पदार्थ, यूएपीए, भ्रष्टाचार प्रतिबंधक आणि मनी लॉन्ड्रिंग कायद्यांखालचे आरोपी त्यात बसत नाहीत. प्रस्ताव जिल्ह्याच्या समितीकडे विधी सेवा प्राधिकरणामार्फतच जातो.

जे दीर्घकाळ आत आहेत त्यांच्यासाठी कलम ४७९ आहे. गुन्ह्याच्या कमाल शिक्षेच्या निम्मा काळ आत गेला असेल तर जामीन, आणि आधी कधीच शिक्षा झालेली नसेल तर एक तृतीयांश काळ पुरे. फाशी-जन्मठेपेच्या गुन्ह्यांना आणि ज्यांच्यावर एकाहून अधिक खटले आहेत त्यांना हे लागू नाही.

कारागृहाच्या दारापर्यंत

बंधपत्र मंजूर झालं की न्यायालय सुटकेचा आदेश काढतं आणि तो हर्सूल, बीड, नांदेड, जिथे माणूस असेल तिथल्या अधीक्षकांकडे जातो. संध्याकाळच्या ठरलेल्या वेळेनंतर पोचलेल्या आदेशावर सुटका दुसऱ्या दिवशीच होते, म्हणून जामीनदाराला घेऊन सकाळी लवकर न्यायालयात जा.

आदेश हातात आला की नाव, वडिलांचं नाव, गुन्हा नंबर, पोलीस ठाणं आणि कलमं कोठडीच्या वॉरंटशी ताडून बघा. एका जागी "ज्ञानोबा" आणि दुसऱ्या जागी "ज्ञानेश्वर" असेल, नाहीतर गुन्हा नंबरातला एक आकडा चुकला असेल, तर कारागृह आदेश दुरुस्तीसाठी परत पाठवतं आणि दोन दिवस जातात. दुसऱ्या एखाद्या गुन्ह्यातही तो कोठडीत असेल तर याही आदेशावर सुटका होत नाही. तो गुन्हा कोणता हे आधीच काढून त्यातही जामीन घ्यावा लागतो.

सुटल्यानंतर

ई-कोर्ट्सचं अॅप मोबाईलवर घ्या आणि प्रकरणाचा सोळा आकडी-अक्षरी सीएनआर क्रमांक त्यात टाका. पुढची तारीख कळण्यासाठी कुणाला फोन करत बसावं लागत नाही. पोलीस ठाण्यातल्या हजेरीच्या नोंदीचा फोटो जमेल तेव्हा काढून ठेवा. तारखेला येणं खरंच शक्य नसेल, आजारपण असो की कारखान्यावरून निघता न येणं, तर त्याच दिवशी वकिलाने गैरहजेरी माफीचा अर्ज द्यायला हवा. नुसती दांडी मारली की अजामीनपात्र वॉरंट निघतं, जामीनदाराला नोटीस जाते, आणि जामिनावर सुटून हजर न राहणं हा न्याय संहितेच्या कलम २६९ खाली वेगळा गुन्हाही होतो. वॉरंट निघाल्याचं कळलं तर लपू नका. वकिलासोबत स्वतः हजर होऊन ते रद्द करून घ्या. स्वतः आलेल्या माणसाकडे न्यायालय वेगळ्या नजरेने बघतं.

ऊसतोडीचा हंगाम सुरू व्हायच्या आधी, दिवाळीच्या सुमारास, वकिलाकडे बसून पुढच्या चार-पाच महिन्यांच्या हजेरीचं काय करायचं ते ठरवा. जिल्हा सोडू नये अशी अट असेल तर ती बदलून घेण्याचा अर्ज निघण्याआधी करायचा असतो, मागाहून नाही. मुकादमाकडून उचल घेतली आहे, हे कारण न्यायालयाला समजतं, फक्त ते वेळेत सांगितलं पाहिजे.

खटला संपताना आणखी एक बंधपत्र लागतं. कलम ४८१ प्रमाणे, निकालाविरुद्ध अपील झालं तर वरच्या न्यायालयात हजर राहीन, असं सहा महिन्यांसाठी लिहून द्यायचं असतं. निर्दोष सुटलेल्या माणसालाही हे द्यावं लागतं आणि जामीनदार मागितला जाऊ शकतो, म्हणून निकालाच्या दिवशी एखाद्या नातेवाईकाला कागदांसह सोबत न्या. निकाल लागल्यावर जामीनदाराचं बंधपत्र संपल्याची खात्री करून घ्या, जमा केलेले मूळ कागद किंवा पासपोर्ट परत मिळावेत असा अर्ज द्या, आणि रोख भरली असेल तर पावती व बँक पासबुकाची झेरॉक्स जोडून परताव्याचा अर्ज नाझर शाखेकडे करा. पावती हरवली असेल तर नोंदवहीतली तारीख आणि प्रकरण क्रमांक देऊनही शोध घेता येतो, मात्र त्याला वेळ लागतो आणि ओळख पटवून द्यावी लागते.